स्टीव्ह थॉम्पसन : विश्वविजेत्या 'हुकर'ची कारकीर्द आणि तिची किंमत

इंग्लंडच्या रग्बी संघाने २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाचा २०-१७ असा पराभव करून विश्वचषक जिंकला. उत्तर गोलार्धातील एखाद्या देशाने हा चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या सामन्यात इंग्लंडच्या पहिल्या फळीच्या मध्यभागी उभे राहिलेले स्टीव्ह थॉम्पसन यांना आज तो सामना आठवत नाही. त्याचे चित्रण पाहिले, तरी मैदानावर धावणारा तो तगडा माणूस आपणच आहोत अशी ओळख मनात जागी होत नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांना अकाली स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

थॉम्पसन यांची कारकीर्द दोन कारणांसाठी पाहण्याजोगी आहे. रग्बी युनियन हा खेळ व्यावसायिक झाल्यानंतर घडलेल्या पहिल्या पिढीचे ते प्रतिनिधी आहेत, आणि या पिढीच्या शरीरावर त्या बदलाचा जो परिणाम झाला, तो आता न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. भारतात रग्बीची व्यावसायिक स्पर्धा २०२५ साली प्रथमच झाली. त्यामुळे हा विषय आता केवळ परदेशातील बातमीपुरता राहिलेला नाही.

फॉरवर्ड म्हणजे कोण?

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघाचे १५ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. लंबगोल चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो व त्याचे ५ गुण मिळतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो केवळ मागे किंवा आडवा द्यायचा असतो. या एका नियमामुळे पुढे सरकायचे असेल तर कोणाला तरी चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत शिरावेच लागते. हे काम प्रामुख्याने १ ते ८ क्रमांकाच्या खेळाडूंचे. त्यांना फॉरवर्ड म्हणतात. उरलेले सात 'बॅक्स' मागे पसरून उभे राहतात, वेगाने धावतात, आणि बहुतेक वेळा वृत्तपत्रांतील छायाचित्रे त्यांचीच असतात.

फॉरवर्ड खेळाडूंचे खास काम म्हणजे 'स्क्रम'. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरासमोर भिडतात. पहिल्या फळीत तिघे असतात : दोन बाजूंना 'प्रॉप' आणि मधोमध 'हुकर'. त्यांच्या मागे दोन उंचपुरे 'लॉक', दोन्ही कडांना 'फ्लँकर' आणि सर्वांत मागे 'नंबर एट'. चेंडू मधल्या बोगद्यात सोडला जातो आणि तो टाचेने मागे ओढण्याचे काम हुकर करतो. त्याचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. म्हणजे स्क्रम कोसळला तर स्वतःला सावरण्यासाठी त्याच्याजवळ मोकळा हात नसतो. डोके, मान आणि खांदे एवढ्यावरच त्याचा सारा भार असतो.

हा भार किती असतो, याचे मापन इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी केले. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष संघाचे आठ खेळाडू एकत्र भिडतात, त्या क्षणी निर्माण होणारा जोर १६ हजार न्यूटनच्या वर जातो. साध्या भाषेत, दीड टनाहून अधिक वजन अंगावर यावे तसा तो धक्का असतो. स्क्रममध्ये वर्षानुवर्षे घासून फॉरवर्ड खेळाडूंचे कान सुजतात व त्यांचा आकार कायमचा बिघडतो. कोल्हापूरच्या तालमीत ज्यांनी पैलवान पाहिले आहेत, त्यांना या कानांची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. फरक इतकाच, की कुस्तीत एकाला एकच भिडतो.

हुकरचे दुसरे काम याच्या अगदी उलट, नाजूक स्वरूपाचे आहे. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की 'लाइनआउट' होतो. दोन्ही संघांचे फॉरवर्ड दोन समांतर रांगांत उभे राहतात, सहकारी आपल्या उंच गड्याला वर उचलतात आणि हुकरने रेषेबाहेरून फेकलेला चेंडू तो हवेत झेलतो. फेक सरळ हवी, उंची नेमकी हवी आणि क्षणही तोच हवा. स्क्रममध्ये धापा टाकून आलेल्या माणसाने दुसऱ्याच मिनिटाला दहा-पंधरा मीटरवरच्या हातात चेंडू अचूक ठेवायचा, अशी ही अपेक्षा आहे.

शंभर वर्षांचा वाद

थॉम्पसन यांचा जन्म १५ जुलै १९७८ रोजी हेमेल हेम्पस्टेड येथे झाला. ते नॉर्दम्प्टन येथे वाढले आणि तेथील नॉर्दम्प्टन स्कूल फॉर बॉइज या शाळेत शिकले. रग्बीकडे ते तसे उशिराच, किशोरवयात वळले. सुरुवातीला ते मागच्या फळीतील फॉरवर्ड म्हणून खेळत. गावातील 'नॉर्दम्प्टन सेंट्स' या जुन्या क्लबमध्ये आल्यावर त्यांना हुकर बनवण्यात आले. सहा फूट दोन इंच उंची आणि ११५ किलोंच्या आसपास वजन असलेला हुकर त्या काळात दुर्मीळच होता. पूर्वी ही जागा ठेंगण्या, दणकट बांध्याच्या खेळाडूंची मानली जाई.

त्यांचे वय आणि खेळाचा इतिहास यांची गाठ मोठ्या योगायोगाने पडली. इंग्लंडमधील रग्बीची संघटना १८७१ साली स्थापन झाली. खेळण्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत, हा तिचा कडक दंडक होता. उत्तर इंग्लंडमधील गिरण्या आणि खाणींत काम करणाऱ्या खेळाडूंची सामन्यासाठी शनिवारची मजुरी बुडत असे. तेवढी भरपाई द्यावी, अशी तेथील क्लबांची मागणी होती. ती फेटाळली गेली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यातूनच १३ खेळाडूंचा 'रग्बी लीग' हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. युनियनने मात्र हौशीपणाचे सोवळे आणखी शंभर वर्षे पाळले. डॉक्टर, पोलीस, शेतकरी, शिक्षक अशी माणसे आठवडाभर नोकरीधंदा करीत आणि शनिवारी देशासाठी खेळत. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथे झालेल्या बैठकीनंतर आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हा दंडक रद्द केला. इंग्लंडमध्ये क्लबांनी खेळाडूंशी पगारी करार करण्यास १९९६ मध्ये खऱ्या अर्थाने सुरुवात केली. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी अठरावे वर्ष पूर्ण केले.

त्यांच्या आधीच्या पिढीने हौशी म्हणून सुरुवात करून व्यावसायिक म्हणून शेवट केला होता. थॉम्पसन यांच्या पिढीने रग्बीखेरीज दुसरे काही केलेच नाही. पगार मिळू लागला तसा सरावही पूर्णवेळ झाला. आठवड्यातून दोन संध्याकाळींऐवजी रोज मैदान, व्यायामशाळा आणि स्क्रमचे यंत्र. खेळाडूंची वजने वाढली, ताकद वाढली, वेग वाढला. म्हणजेच धडकही वाढली. नियम मात्र बराच काळ तेच राहिले. सारी मेख इथेच आहे.

रुपयांच्या चषकासाठी पहिला सामना

थॉम्पसन इंग्लंडकडून पहिला सामना २ फेब्रुवारी २००२ रोजी एडिंबरा येथील मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध खेळले. इंग्लंडने तो २९-३ असा जिंकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील या वार्षिक सामन्याच्या विजेत्याला जो चषक मिळतो, त्याचे नाव 'कलकत्ता कप' आहे आणि तो भारतीय चांदीचा आहे.

ही हकीकत थोडक्यात अशी. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात रग्बीचा सामना खेळला गेला आणि त्यानंतर तेथे क्लब स्थापन झाला. हवामान आणि अन्य खेळांची ओढ यामुळे तो फार काळ चालला नाही. क्लब बंद करताना सभासदांनी बँकेतील शिल्लक २७० चांदीचे रुपये काढले आणि ते वितळवून चषक घडवून घेतला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून या चषकासाठी दोन देशांत सामने होत आले आहेत. भारतात खेळ रुजला नाही, पण भारताचे नाव त्याच्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय लढतीला कायमचे चिकटले.

त्या दिवसापासून इंग्लंडच्या संघात थॉम्पसन यांची जागा पक्की झाली. सुरुवातीला त्यांची लाइनआउटमधील फेक ही दुबळी बाजू समजली जात असे. इंग्लंडचे प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी केवळ या एका कौशल्यासाठी सायमन हार्डी हे स्वतंत्र प्रशिक्षक नेमले होते. एका खेळाडूच्या एका कृतीसाठी एक प्रशिक्षक, ही गोष्ट तेव्हा अनेकांना चैनीची वाटली. वर्ष-दीड वर्षात तिचे उत्तर मिळाले.

सहा जणांचा स्क्रम

विश्वचषकाच्या आधी, १४ जून २००३ रोजी वेलिंग्टन येथे इंग्लंडचा न्यूझीलंडशी सामना झाला. फॉरवर्ड खेळाडूंची कसोटी म्हणजे काय, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी अंतिम सामन्याआधी हा सामना पाहावा. दुसऱ्या डावात इंग्लंडचे नील बॅक आणि लॉरेन्स डलालिओ हे दोन फॉरवर्ड दहा-दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर काढले गेले. स्क्रममध्ये आठांऐवजी सहाच उरले : ग्रॅहॅम राउंट्री, थॉम्पसन, जेसन लेनर्ड, मार्टिन जॉन्सन, बेन के आणि रिचर्ड हिल. स्क्रम इंग्लंडच्या गोलरेषेला जवळजवळ खेटून होता. न्यूझीलंडच्या आठ जणांनी पुन्हा पुन्हा स्क्रमचाच पर्याय घेतला, कारण सहा माणसे मागे ढकलली जाणार हे त्यांना उघड दिसत होते. ती ढकलली गेली नाहीत. इंग्लंडने सामना १५-१३ असा जिंकला.

गुणफलकावर या प्रसंगाची कसलीच नोंद नाही. फॉरवर्डच्या कामाचे स्वरूपच असे आहे, की जे घडू दिले नाही त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

अंतिम सामन्यात मात्र स्क्रमने इंग्लंडला छळले. पंच आंद्रे वॉटसन यांनी इंग्लंडच्या पहिल्या फळीविरुद्ध वारंवार दंड दिले. निर्धारित वेळेच्या अखेरच्या क्षणी अशाच एका दंडावर एल्टन फ्लॅटली यांनी १४-१४ अशी बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. जादा वेळेतही फ्लॅटली यांनी पुन्हा १७-१७ अशी बरोबरी केली, तेव्हा जेमतेम दोन-अडीच मिनिटे उरली होती.

त्यानंतर इंग्लंडला लाइनआउट मिळाले. सुमारे शंभर मिनिटे धडका देऊन झालेल्या थॉम्पसन यांच्यासमोर दोन पर्याय होते. रांगेच्या पुढच्या बाजूला आखूड फेक केली असती तर चेंडू सुरक्षित मिळाला असता, पण चाल खोळंबली असती. रांगेच्या शेवटी लांब फेक साधली तर मैदानाच्या मध्याकडे मुसंडी मारता येणार होती, मात्र चुकली तर सारेच संपले असते. थॉम्पसन यांनी लांब फेक केली. रांगेच्या टोकाला लुइस मूडी यांनी ती झेलली. तेथून मॅट डॉसन आणि कर्णधार मार्टिन जॉन्सन यांनी चेंडू पुढे नेला आणि जॉनी विल्किन्सन यांनी उजव्या पायाने, म्हणजे आपल्या कमी सवयीच्या पायाने, ड्रॉप गोल मारला. सामना संपायला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ होता.

जगाने विल्किन्सन यांचा पाय लक्षात ठेवला, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र इंग्लंडमधील जाणकार त्या गोलाची गोष्ट सांगताना सुरुवात लाइनआउटच्या फेकीपासून करतात.

मान, माघार आणि पुनरागमन

विश्वविजयानंतर संघातील सर्व खेळाडूंना ब्रिटनच्या राणीच्या वतीने सन्मान जाहीर झाले. थॉम्पसन यांना 'एमबीई' मिळाले. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेलेल्या 'ब्रिटिश अँड आयरिश लायन्स' संघातही त्यांची निवड झाली.

२००७ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय होते २८. पुढे खेळल्यास अपंगत्व येण्याचा धोका असल्याचे वैद्यकीय मत होते. ते फ्रान्समधील ब्रीव्ह या क्लबकडे मैदानाबाहेरच्या कामासाठी गेले. तेथे काही महिन्यांत मान सुधारल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यावर, निवृत्तीबद्दल मिळालेली विम्याची रक्कम परत करून ते पुन्हा मैदानात उतरले. विम्याचे पैसे परत करून स्क्रममध्ये मान घालण्यास निघालेला माणूस, हे वाचून बाहेरच्याला आश्चर्य वाटेल. परंतु अठराव्या वर्षापासून एकच काम केलेल्या आणि विशी संपण्याआधीच 'निवृत्त' ठरलेल्या माणसापुढे दुसरे काय होते, हेही विचारायला हवे.

पुनरागमन यशस्वी झाले. इंग्लंडने त्यांना पुन्हा बोलावले. लीड्स आणि नंतर वॉस्प्स या क्लबांकडून ते खेळले. २०११ च्या विश्वचषकात ते इंग्लंडच्या संघात होते आणि ऑकलंड येथे फ्रान्सविरुद्ध १२-१९ असा गमावलेला उपान्त्यपूर्व सामना हा त्यांचा देशासाठीचा शेवटचा सामना ठरला. एकूण ७३ आंतरराष्ट्रीय सामने. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मानेनेच पुन्हा घात केला आणि त्यांनी कायमची निवृत्ती घेतली.

इथपर्यंतची कारकीर्द मोठ्या खेळाडूची, पण तशी नेहमीच्याच वळणाची आहे. दुखापत, माघार, परत येणे, पुन्हा दुखापत. त्या काळी साऱ्यांचे लक्ष मानेकडे होते.

नऊ वर्षांनंतरचे निदान

डिसेंबर २०२० मध्ये थॉम्पसन यांनी आपल्या आजाराची माहिती जाहीर केली. अकाली स्मृतिभ्रंश आणि संभाव्य 'सीटीई' असे निदान होते. सीटीई हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी निगडित मानला जाणारा मेंदूचा विकार आहे. मुष्टियोद्ध्यांमध्ये तो फार पूर्वीपासून ठाऊक होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर मोठा वाद झाला. जिवंतपणी त्याचे निश्चित निदान होत नाही. मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींची तपासणी केल्यावरच खात्री होते. म्हणून डॉक्टर 'संभाव्य' हा शब्द वापरतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. असा आजार एखाद्या जबरदस्त आघातानेच होतो, असे सामान्यतः समजले जाते. खेळाडू बेशुद्ध पडला, स्ट्रेचर आले, म्हणजे इजा झाली; उठून खेळू लागला, म्हणजे काही झाले नाही. संशोधकांचा भर आता वेगळ्या गोष्टीवर आहे. ज्यांची लक्षणे जाणवतही नाहीत असे हजारो लहान धक्के वर्षानुवर्षे साचत जातात. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. शरीर अचानक थांबले की तो आत हलतो, डोक्याला थेट मार लागला नसला तरीही. हे धक्के सर्वांत जास्त कोणाला बसतात, याचे उत्तर रग्बीत उघड आहे. जे प्रत्येक स्क्रममध्ये, प्रत्येक झटापटीत असतात, त्या फॉरवर्ड खेळाडूंना.

थॉम्पसन यांनी सामन्यांपेक्षा सरावाबद्दल केलेली तक्रार म्हणूनच महत्त्वाची आहे. स्क्रमच्या यंत्रावर, वाढवत नेलेल्या दाबाखाली, पुन्हा पुन्हा भिडण्याचा सराव चाले आणि उठल्यावर आपण कुठे आहोत हे काही क्षण कळत नसे, असे त्यांनी सांगितले आहे. ते त्या वेळी कोणालाच विशेष वाटत नव्हते. हौशी काळातील फॉरवर्ड आठवड्यातून एकदा सामना खेळे आणि सोमवारी कामावर जाई. व्यावसायिक फॉरवर्डसाठी सोमवारचे कामही तेच होते.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या आरोग्य-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात सुमारे अडीच पट आढळले. हे बहुतेक खेळाडू हौशी काळातील होते. व्यावसायिक पिढीचे खरे आकडे अद्याप यायचे आहेत, कारण ती पिढी आता कुठे चाळिशी-पन्नाशीत आहे.

या पिढीतील माणसे एकेक करून पुढे येत आहेत. वेल्सचे माजी नंबर एट अॅलिक्स पॉपम यांनी थॉम्पसन यांच्याबरोबरच २०२० मध्ये आपला आजार जाहीर केला. वेल्सचे माजी कर्णधार रायन जोन्स यांनी २०२२ मध्ये केला. दोघेही फॉरवर्ड. लाइनआउटमध्ये ती प्रसिद्ध फेक झेलणारे लुइस मूडी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, आपल्याला मोटर न्यूरॉन हा असाध्य आजार झाल्याचे सांगितले. त्यांच्या बाबतीत आजाराचे कारण रग्बीच आहे, असे म्हणता येणार नाही. एकेका व्यक्तीचे कारण सांगण्याइतके ज्ञान वैद्यकशास्त्राकडे आज नाही.

न्यायालयात

थॉम्पसन, पॉपम आणि अन्य काही माजी खेळाडूंनी डिसेंबर २०२० मध्ये 'वर्ल्ड रग्बी' ही जागतिक संघटना तसेच इंग्लंड आणि वेल्स यांच्या संघटना यांच्याविरुद्ध कायदेशीर कारवाईचे पाऊल उचलले. धोका ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असायला हवा असूनही, या संघटनांनी खेळाडूंच्या संरक्षणासाठी पुरेशी पावले उचलली नाहीत, असा त्यांचा दावा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा दावेदारांची संख्या सुमारे ३०० झाली होती. २००३ च्या विजेत्या संघातील प्रॉप फिल व्हिकरी यांचाही त्यांत समावेश होता. संघटनांनी दावे नाकारले असून खेळाडूंची सुरक्षितता हाच आपला अग्रक्रम असल्याचे त्यांचे म्हणणे आहे.

दाव्याचा निकाल काहीही लागो, नियम बदलले आहेत हे खरे. पूर्वी दोन्ही फळ्या अंतरावरून एकमेकींवर झेपावत. २०१३ पासून प्रॉपने आधी समोरच्याला हाताने धरायचे आणि मग भिडायचे, असा क्रम आला. या क्रमामुळे भिडण्याच्या क्षणाचा जोर सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे मापनात दिसून आले. डोक्याला मार लागल्याचा संशय आल्यास खेळाडूला बाहेर नेऊन तपासण्याची पद्धत २०१२ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. डोक्याच्या उंचीवरचे टॅकल हा आता खेळाडूला मैदानाबाहेर घालवणारा गुन्हा आहे. २०२४ पासून वरच्या दर्जाच्या सामन्यांत धक्क्यांची नोंद करणारे दातांचे संरक्षक कवच वापरात आले. सरावात थेट भिडण्याच्या वेळेवर मर्यादा घालण्याची शिफारसही झाली आहे. स्क्रमच्या यंत्रावर घालवलेली थॉम्पसन यांची वर्षे लक्षात घेता, साऱ्या बदलांत हाच बदल सर्वांत मोलाचा म्हटला पाहिजे. मात्र त्यावर देखरेख ठेवणेही सर्वांत अवघड आहे.

भारतातील फॉरवर्ड

भारतात रग्बी दीडशे वर्षे असूनही फॉरवर्ड म्हणून पोट भरणे अलीकडेपर्यंत शक्य नव्हते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्याच्या चिखलात सामने होत आले. कोलकात्याचे क्लब, लष्कराच्या पलटणी आणि पोलीस यांनी खेळ टिकवला. भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ साली खेळला. महिलांचा १५ जणींचा संघ २०१८ मध्ये मैदानात उतरला आणि जून २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून त्याने आपला पहिला विजय मिळवला. कर्णधार होत्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा, ज्यांचा व्यवसाय फिजिओथेरपीचा. म्हणजे इंग्लंडने १९९५ मध्ये जे चित्र मागे टाकले, ते भारतात अजून ताजे होते. खेळाडू नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून देशासाठी खेळत होते.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात 'रग्बी प्रीमियर लीग'चा पहिला हंगाम झाला. मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कलिंग आणि बंगळूर अशा सहा संघांत परदेशी खेळाडूंबरोबर भारतीय खेळाडूंनाही मानधनावर करारबद्ध करण्यात आले. बंगळूरच्या संघाचे नाव 'बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स'. चेन्नईने अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून विजेतेपद मिळवले. ही स्पर्धा सात-सात खेळाडूंची होती. या प्रकारात प्रत्येक संघात तीनच फॉरवर्ड असतात, स्क्रमही तिघांचाच असतो आणि सामना काही मिनिटांत आटोपतो. स्क्रमचा भार त्यात नगण्य असतो. मात्र मोकळ्या मैदानावर पूर्ण वेगात होणारे टॅकल कमी नसतात.

आपल्याकडील मैदानी खेळांत डोक्याच्या इजेकडे अजूनही 'जरा गरगरले' इतक्याच गांभीर्याने पाहिले जाते. कबड्डीत पकड करताना गुडघा कपाळावर आपटला, की चेहऱ्यावर पाणी मारून गडी पुन्हा मैदानात येतो. रग्बीच्या जागतिक संघटनेचा आजचा नियम याबाबत निःसंदिग्ध आहे : शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. डोकेदुखी, उलटीची भावना, तोल जाणे, प्रकाशाचा त्रास, प्रश्नाचे उत्तर देताना गोंधळणे, नुकतेच घडलेले न आठवणे यांपैकी एक लक्षणही त्यासाठी पुरेसे मानले जाते. बेशुद्ध पडणे आवश्यक नाही. वरच्या दर्जाच्या रग्बीत १ जुलै २०२२ पासून असे लक्षण दिसलेल्या बहुतेक खेळाडूंना पुन्हा सामना खेळण्यासाठी किमान १२ दिवस थांबावे लागते. शाळकरी आणि हौशी खेळाडूंसाठी हा काळ त्याहून मोठा आहे, कारण त्यांच्याजवळ तज्ज्ञ डॉक्टर हजर नसतो.

थॉम्पसन यांनी २०२२ मध्ये 'अनफर्गेटेबल' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बीबीसीने त्यांच्या आजारावर माहितीपट दाखवला. त्याआधी, २०२१ मध्ये, मृत्यूनंतर आपला मेंदू खेळांतील मेंदूच्या इजांवरील संशोधनासाठी देण्याची नोंदणी त्यांनी केली आहे.